अडली कोण?

डिस्टोशिया हा शब्द मी पहिल्यांदा मराठीत आणला तेव्हा त्यावर फार वेळ घालवला नव्हता. वैद्यकीय मजकुराची भाषांतरं हे माझं पोटापाण्याचं काम. एका प्रशिक्षण पुस्तिकेत तो शब्द आला, ‘कष्टप्रसूती’ असा पर्याय सुचला, तो टाकला आणि पुढच्या ओळीवर गेले. ग्रीकमध्ये ‘डिस’ म्हणजे वाईट, अवघड आणि ‘टोकोस’ म्हणजे जन्म. कळा वाढवणाऱ्या ऑक्सिटोसिनमध्येही हाच टोकोस आहे, फक्त त्याच्या आधी ‘जलद’ लागलाय. व्युत्पत्ती जुळली की भाषांतरकाराला काम झाल्यासारखं वाटतं. बिनकष्टाची प्रसूती असते का, मग ‘कष्टप्रसूती’ म्हणजे नेमकी कोणती, हा प्रश्न तेव्हा पडायला हवा होता. पडला नाही.

तो पडला माझ्याच पहिल्या बाळंतपणात. चाळीस आठवड्यांवर पाच दिवस झाले होते. रात्री अकराच्या सुमारास कळा सुरू झाल्या, पण पोटात नाहीत, पाठीत. माकडहाडाच्या जरा वर आतून कुणी मूठ रोवून धरल्यासारखं. कळ येते, टिपेला जाते, ओसरते आणि मधे विश्रांती मिळते असं मला सगळ्यांनी सांगितलं होतं. माझी कळ ओसरायची, पण मूठ तिथेच ठेवून जायची.

सकाळी सहाला दाखल झाले. सिस्टरनी तपासलं, गर्भाशयाचं तोंड ‘‘चार सेंटिमीटर’’ उघडलंय म्हणाल्या. पोटावर हात फिरवताना बेंबीच्या खाली थोडा खळगा लागला तिथे त्या थांबल्या. ‘‘सगळं पाठीतच दुखतंय का हो ताई? मग बाळाची पाठ तुमच्या पाठीला लागलीय.’’ हे त्या इतक्या सहज बोलल्या की मीही ते सहजच ऐकून सोडून दिलं. पुढच्या वीस तासांचं गणित त्या वाक्यात होतं.

बाळ बाहेर येतं कसं हे इथे सांगावं लागेल, कारण मलाही ते नीट माहीत नव्हतं. ओटीपोटाच्या हाडांमधली वाट म्हणजे सरळ नळी नव्हे. वरच्या तोंडाशी ती आडवी रुंद असते, साधारण १३ सेंटिमीटर, आणि पुढून मागे ११च्या आसपास. खालच्या तोंडाशी उलट, तिथे पुढून मागे जागा जास्त. म्हणजे शिरताना डोकं आडवं हवं आणि निघताना उभं. जिन्याच्या वळणावर कपाट फिरवून घेतात तसं बाळाला मधल्या वळणावर फिरावं लागतं. फिरून डोक्याची मागची बाजू आईच्या पुढच्या अंगाला आली आणि हनुवटी छातीला टेकली, की डोक्याचा साधारण साडेनऊ सेंटिमीटरचा व्यास वाटेत येतो आणि आई पाठीवर झोपलेली असेल तर बाळ पालथं जन्मतं.

आमचं बाळ उताणं होतं. डोकं खालीच होतं, पायाळू नाही, आडवं नाही, पण तोंड वर. उताण्या बाळाची हनुवटी बहुधा छातीला नीट टेकत नाही, मग साडेनऊच्या जागी साडेअकरापर्यंतचा व्यास पुढे येतो. फरक दोन सेंटिमीटरचा. माझ्या अंगठ्याची रुंदी तेवढीच आहे, मी नंतर मोजली.

अशी बरीच बाळं कळांच्या ओघात आपणहून वळतात. त्यामुळे सकाळी कुणी फार मनावर घेतलं नाही, आणि ते बरोबरच होतं. मी चालले, गुडघ्यांवर ओणवी झाले, नवऱ्याने कळेगणिक तळहाताचा गड्डा माकडहाडावर दाबून धरला. ते दाबणं हा त्या दिवसातला सर्वांत मोठा उपकार. दहा वाजता पाच सेंटिमीटर. दोन वाजता सात.

पलंगाच्या पायाशी एक कागद लावलेला होता. समोर छापील काही असलं की मला वाचल्याशिवाय राहवत नाही, कळा चालू असल्या तरी. त्यावर चौकटी होत्या, बाळाचे ठोके, कळांची संख्या, डोकं किती उतरलं, आणि मधे दोन तिरप्या रेघा. माझ्या फुल्या पहिल्या रेघेवरून निघून हळूहळू उजवीकडे, दुसऱ्या रेघेकडे सरकत होत्या. या कागदाला पार्टोग्राफ म्हणतात. १९५४ साली इमॅन्युएल फ्रीडमन यांनी शंभर बायकांच्या प्रसूतीचा असा आलेख मांडला होता. तिरप्या रेघा आल्या १९७२ मध्ये, फिलपॉट आणि कॅसल या दोघांनी तेव्हाच्या ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेत, आखल्या. पहिली सावध होण्याची, तिच्यापुढे चार तासांवर दुसरी, काहीतरी करण्याची. दोन्ही तासाला एक सेंटिमीटर या हिशेबाने चढतात. सगळ्या बायकांना हा वेग लावू नये, अनेकींचं गर्भाशयाचं तोंड याहून सावकाश उघडतं आणि तरी सगळं ठीक असतं, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये स्पष्ट म्हटलं, आणि २०२०च्या नव्या तक्त्यात त्या रेघा ठेवल्याच नाहीत. माझ्या पलंगाला मात्र जुनाच कागद होता. रेघ समोर दिसत असली की माणूस तिच्याशी शर्यत लावतो. मी लावली, आणि हरायला लागले.

चार वाजता सात. पाण्याची पिशवी अजून फुटलेली नव्हती, ती फोडली. कोमट पाण्याचा लोंढा आला, सिस्टरनी तो नीट निरखला. पाणी स्वच्छ आहे म्हणाल्या, म्हणजे बाळाने आत शी केलेली नाही. सहा वाजता पुन्हा सात.

चारदा तपासलेल्या बाईला पाचव्यांदा तपासल्यावर ‘सात’ हा आकडा कसा ऐकू येतो ते सांगणं कठीण आहे. मी रडले नाही, मी वाद घातला. ‘‘साडेसात असेल, नीट बघा.’’ ड्यूटी बदलली होती, आलेल्या डॉक्टरांनी कागद बघितला आणि माझ्याकडे न बघता बरोबरच्या शिकाऊ डॉक्टरला म्हणाले, ‘‘नॉन-प्रोग्रेस.’’ दार उघडं होतं. बाहेर बाकावर आई बसली होती. तिने सिस्टरना विचारलेलं मला ऐकू आलं, ‘‘अडली का हो?’’

ऑक्सिटोसिनची ड्रिप लावायचं ठरलं. त्याआधी मी एपिड्युरल, म्हणजे कळा बधिर करणारं पाठीतलं इंजेक्शन, मागितलं. ड्रिपने कळा जोर धरतात हे मी कित्येकदा भाषांतरित केलं होतं आणि त्या वाक्याचा अर्थ अंगावर घेण्याची हौस मला उरली नव्हती. पाठ वाकवून, उशीला मिठी मारून, दोन कळांच्या मधल्या फटीत हलायचं नाही एवढं एक काम होतं, ते जमलं. वीस मिनिटांत मूठ सुटली. वेदनेने बाई कणखर होते वगैरे म्हणणाऱ्यांना मला त्या वीस मिनिटांच्या आधी आणि नंतर भेटवायला आवडलं असतं.

वेदना गेल्यावर डोकं परत आलं, आणि ते लगेच शब्दांकडे गेलं. कामाची खोड. प्रसूती का थांबते याचे इंग्रजी पुस्तकांत तीन ‘पी’ असतात: पॉवर, पॅसेंजर, पॅसेज. कळांचा जोर, बाळ आणि वाट. जोर कमी पडतो, किंवा बाळ मोठं किंवा वेडंवाकडं बसलेलं असतं, किंवा वाट अरुंद असते, आणि खऱ्या आयुष्यात तिन्हींची सरमिसळ. डिस्टोशिया म्हणजे या गोष्टींमुळे पुढे न सरकणारी प्रसूती. लांबलेली आणि दुखरी म्हणजे अडलेलीच असं नाही. माझ्या ‘कष्टप्रसूती’त नेमकं हेच हरवलं होतं. कष्ट तर चांगल्या चाललेल्या प्रसूतीतही असतात, अडकणं नसतं. पण कागदावर लिहिलेलं ‘नॉन-प्रोग्रेस’ त्याहून वाईट. ते निदानच नाही. गाडी थांबलीय एवढंच ते सांगतं, डिझेल संपलं की पुढे दरड कोसळली ते नाही. आणि पलंगावरच्या बाईला ते प्रगतिपुस्तकातल्या शेऱ्यासारखं ऐकू येतं.

आईचा शब्द जुना आहे. बाई अडली. त्यात बोच आहे, कर्ता बाईच आहे, पण निदान त्यात अडथळ्याची कबुली आहे. सुश्रुतसंहितेत तर अडतो तो गर्भ. मूढगर्भ, वाट चुकून गोंधळलेला. त्याचे तिथे चार प्रकार दिले आहेत, कील, प्रतिखुर, बीजक आणि परिघ. कील म्हणजे खुंटा, वाटेत ठोकून बसल्यासारखा. परिघ म्हणजे दाराला आतून लावायचा आडवा दांडा, आडवं पडून वाट बंद करणारा गर्भ. त्या दांड्याला आपण मराठीत अडसर म्हणतो. पलंगावर पडल्या पडल्या मला हे सापडलं आणि मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, झोप जरा.

रात्री दहाला तोंड पूर्ण उघडलं. दहा सेंटिमीटर. सात ते दहा हा प्रवास ड्रिपने चार तासांत करवून घेतला होता, म्हणजे पॉवर कमी होती हे खरं. सगळ्यांना वाटलं आता झालंच. एक तास नुसतं थांबलो, डोकं आपोआप खाली यावं म्हणून. अकराला जोर लावायला सुरुवात.

त्याआधी सिस्टरनी नळीने लघवी काढली. भरलेलं मूत्राशय डोक्याची वाट अडवतं, आणि एपिड्युरलमध्ये लघवी लागल्याचं कळत नाही. ‘‘शिवाय डोकं त्याच्यावर दाबून बसतं ना,’’ त्या म्हणाल्या. हे वाक्य मी पूर्ण करू शकत होते, कारण त्यावरचं एक अख्खं प्रकरण मी भाषांतरित केलं होतं. जिथे वेळेत मदत मिळत नाही तिथे अडलेली बाई दोन-दोन, तीन-तीन दिवस कळा देत राहते. बाळाचं डोकं आणि ओटीपोटाच्या पुढचं जांघेचं हाड यांच्यामध्ये मूत्राशय चेपत राहतं, त्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो, काही दिवसांनी ते मांस मरून पडतं आणि छिद्र उरतं. मूल बहुतेकदा गेलेलं असतं, आणि बाईची लघवी त्या वाटेने कायम ठिबकत राहते. याला फिस्टुला म्हणतात. गर्भाशय फाटून बाईही जाऊ शकते. मी भाषांतर करताना तिथे ‘भगंदर’ लिहू की ‘नाडीव्रण’ यावर अर्धा दिवस घालवला होता. आता नळीतून पिशवीत उतरणारी लघवी बघत होते, तिचा रंग नेहमीचा होता, आणि तो रंग बघून मला हायसं वाटलं.

दोन तास जोर लावला. डाव्या कुशीवर, उजव्या कुशीवर, पलंगाची पाठ उभी करून. कळेला डोकं थोडं खाली यायचं, कळ संपली की परत. ‘‘केस दिसतायत’’ असं मला तीन वेळा सांगण्यात आलं. तिसऱ्यांदा मी म्हटलं, केस मलाही आहेत.

एक वाजता वरिष्ठ डॉक्टर आल्या. त्यांनी तपासलं, कपाळाला आठी घातली. टाळूवरून बाळ कुठे बघतंय ते ओळखतात. पुढची टाळू मोठी, चौकोनी हिऱ्यासारखी, मागची लहान, त्रिकोणी. पण इतक्या वेळाने डोक्यावर सूज आली होती आणि कवटीची हाडं एकमेकांवर चढली होती, त्यामुळे बोटांना काही उमगेना. अंदाजावर जायचं नाही म्हणून त्यांनी सोनोग्राफीचं छोटं यंत्र मागवलं आणि ओटीपोटावर टेकवलं. पडद्यावर दोन काळी वर्तुळं आली, शेजारी शेजारी. ‘‘हे डोळे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘सरळ माझ्याकडे बघतंय.’’

पहाटे सहाला एका सिस्टरने हाताने ओळखलेलं रात्री एकला यंत्राने सांगितलं. मधल्या वेळात वळेल अशी वाट बघणं चूक नव्हतं हे मला पटतं. पण सहा वाजता सातवर थांबले होते तेव्हा त्या कागदावर ‘नॉन-प्रोग्रेस’ऐवजी ‘बाळ उताणं’ लिहिलं असतं तर मी पुढचे सात तास स्वतःच्या जोराला दोष देत काढले नसते. ही माझी एवढीच तक्रार.

डॉक्टरांनी पलंगाच्या कडेला बसून समजावलं. आधी हाताने डोकं फिरवून बघू, फिरलं तर व्हॅक्यूम लावू, नाही जमलं तर सिझर. सगळं ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणजे गरज पडली तर वेळ जायला नको. पूर्ण तोंड उघडल्यावरचं सिझर सोपं नसतं हेही त्यांनी लपवलं नाही. डोकं खोल रुतलेलं असतं, ते वर काढावं लागतं, रक्त जास्त जातं. मी सगळ्याला सही केली. सही वेडीवाकडी आली.

थिएटरमध्ये माझं लक्ष एका स्टुलाकडे गेलं. लोखंडी पायांचं, पायरीसारखं बुटकं. एका सिस्टरने ते पायाने सरकवत माझ्या पोटाच्या बाजूला आणलं आणि त्यावर चढून उभं राहता येतं का ते बघितलं, मग उतरली. दुसरीला सांगितलं, ‘‘डोकं आलं की वेळ मोठ्याने सांगायची.’’ मला वाटलं, नोंदीसाठी.

डॉक्टरांचा हात आत गेला. दुखलं नाही, पण दाब इतका की मला माझी हाडं वेगवेगळी जाणवली. त्यांनी डोळे मिटले. बघण्यासारखं काही नव्हतंच, सगळं बोटांवर होतं. कळ येईपर्यंत त्या तशाच थांबल्या. ‘‘आता. लावा जोर.’’ मी लावला, आणि त्यांचा कोपर हळूच बाहेरच्या बाजूला वळला. दाराची मूठ फिरवताना वळतो तेवढाच. हात काढला नाही. पुढची कळ, पुन्हा जोर, हात तिथेच, वळलेलं डोकं परत फिरू नये म्हणून. दोन्ही वेळा कानात बाळाचे ठोके. ते शंभरच्या खाली गेले, खोलीतलं बोलणं थांबलं, मग वर आले. एकशे दहा, एकशे तीस.

‘‘वळलं.’’

मग व्हॅक्यूमची वाटी. ती डोक्यावर कुठेही लावत नाहीत, मागच्या टाळूच्या तीन सेंटिमीटर पुढे, म्हणजे ओढताना हनुवटी आपोआप छातीकडे जाते. कळेबरोबर ओढायचं, माझ्या जोराबरोबर. एक. दोन. दुसऱ्या खेचीला डोकं बाहेर आलं आणि सिस्टर ओरडली, ‘‘एक वाजून बेचाळीस!’’ स्टुलापाशी उभी असलेली सिस्टर एक पाय वर ठेवून तयार. पुढच्या कळेला खांदे सुटले, बाळ आलं, तिने पाय खाली घेतला.

ते स्टूल कशासाठी होतं हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. डिस्टोशियाचा एक प्रकार खांद्याचाही असतो. डोकं बाहेर येतं आणि पुढचा खांदा जांघेच्या हाडामागे अडकतो. मग मिनिटं मोजायची असतात, आईचे गुडघे पोटाशी दुमडायचे असतात आणि कुणीतरी स्टुलावर चढून, वरून, हाडाच्या लगेच वरच्या बाजूला दाबून तो खांदा सोडवायचा असतो. लांबलेली दुसरी अवस्था, म्हणजे तोंड पूर्ण उघडल्यानंतरचा काळ, आणि व्हॅक्यूम या दोन्हीने त्याची शक्यता वाढते. ते घडलं नाही. पण मला त्या रात्रीतलं सर्वांत जास्त आठवतं ते स्टूलच.

बाळ लगेच रडलं नाही. टॉवेलने पुसलं, पाठ चोळली, मग रडलं. एका मिनिटाला ७ गुण, पाच मिनिटांना ९. नवजात बाळाची तब्येत जोखायला व्हर्जिनिया अपगार यांनी १९५२ मध्ये ठरवलेले हे गुण, आणि प्रगतिपुस्तकाबद्दल एवढं बोलूनसुद्धा मी ते लगेच विचारले. वार पडल्यावर रक्त जरा जास्त गेलं. थकलेलं गर्भाशय आवळत नव्हतं, सिस्टरनी पोट चोळलं, इंजेक्शनं दिली, थांबलं. टाके पडले. त्या टाक्यांनी पुढचे तीन आठवडे बसू दिलं नाही.

मुलगी झाली होती. तिचं डोकं लांबट होतं, मागे निमुळतं, आणि वर वाटीचा गोल जांभळट वळ. त्याच्या बाजूला, थोडी उजवीकडे, वेगळी मऊ सूज. डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवलं, ‘‘हा वळ माझा. ही सूज आधीची. इतका वेळ ती हा भाग पुढे करून बसली होती.’’ दोन्हींच्या मधून हाडावर हाड चढल्याची बारीक धार लागत होती. मी तिच्यावरून बोट फिरवत राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ घालताना शोधली तर धार कुठे सापडेना.

डिस्चार्ज कार्डावर निदानाच्या रकान्यात शेवटी ‘डिस्टोशिया’ आलंच, पुढे कंसात बाळाची स्थिती लिहून. कार्ड वाचत पलंगावर बसले होते, एका कुशीवर कलून. खिडकीशी आई कुणाला तरी फोनवर सांगत होती, आवाज खाली करून, पण तिचा खालचा आवाजही सगळ्या वॉर्डला ऐकू जातो.

‘‘हो, दोघी बऱ्या आहेत. अगं काय सांगू, पोरगी अडली होती.’’

कुठली पोरगी, ते मी विचारलं नाही.